भिंतीकडची जागा

९ जुलै

गुडघा अजून बाकाखाली अडकलेला होता, तेवढ्यात बाईंनी सगळ्यांना उभं राहून आपापलं नाव सांगायला सांगितलं. मी निम्मा उभा राहिलो. नाव सांगितलं, तेही जर्मनमध्ये. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पहिल्याच दिवशी एवढं यश अपेक्षित नव्हतं.

तास संपल्यावर खेळांच्या सरांनी गुडघा सोडवला. बाक उचलावा लागला.

आठवीच्या मुलांबरोबर बसण्यात मला कमीपणा वाटत नाही. वीस वर्षं याच वर्गाला भूगोल शिकवतो आहे. जर्मनीच्या नद्या, कोळसा, हवामान तोंडपाठ. फक्त भाषा राहिली होती. संकल्प: तीन महिन्यांत अस्खलित.

कारण लिहून ठेवतो. ऑक्टोबरात शाळेची बारा मुलं तीन आठवडे जर्मनीतल्या एका शाळेत राहायला जाणार. बरोबर एकच शिक्षक. हेडबाईंची अट अशी की त्या शिक्षकाला मोडकंतोडकं का होईना, जर्मन यायला हवं. म्हणून शाळा भरायच्या आधीच्या या तासाला मी बसतो. बारा मुलांत आमची मुलगी आहे. हा निव्वळ योगायोग. माझा हेतू भाषिक आहे.

१० जुलै

घरी बातमी सांगितली. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, अहो, तीनच आठवडे तर आहेत, जाऊ द्या की तिला एकटीला. मी म्हटलं, तिचा काय संबंध, मी भाषेसाठी जातोय. ही म्हणाली, बरं. मग पुढच्या वर्षी जा, ती नसताना. मी म्हटलं, शिकायची उमेद एकदाच येते. ही म्हणाली, येऊ दे, गुडघा सांभाळा.

मुलगी ताट अर्धं टाकून उठली आणि खोलीचं दार लावून घेतलं. अति आनंदाने भूक मरते.

१४ जुलै

वर्गाची पद्धत समजली. बाकांच्या दोनच रांगा, दोन्ही भिंतींना लागून. एका बाकावर दोघं. बाहेरच्या टोकाला बसतो तो अ. भिंतीकडे बसतो तो ब. अ ने पुस्तकातले प्रश्न विचारायचे, ब ने पुस्तकातली उत्तरं द्यायची. नवा धडा सुरू झाला की जागा बदलायच्या, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही येतं.

मी ब. भिंतीला टेकलं की पाठ शांत राहते. घरून उशी नेली आहे.

माझ्या शेजारी कोण बसणार यावर वर्गात थोडी ढकलाढकली झाली. मुलं एकमेकांना कोपरं मारत होती. शेवटी मुलगीच दप्तर घेऊन उठली आणि माझ्या बाकावर आली. मला गहिवरून आलं. शाळेत ती मला सर म्हणते, घरी बाबा. या तासाला काहीच म्हणत नाही.

२१ जुलै

दुसरा धडा. सगळ्या वर्गाने जागा बदलल्या. मी उशी उचलायला वाकलो तर मुलगी हळूच म्हणाली, राहू दे, तू भिंतीकडेच बस, नाहीतर तुझी पाठ धरेल. मी म्हटलं, मग प्रश्न मी कधी शिकणार. ती म्हणाली, प्रश्नांत काय आहे, ते कुणीही विचारतं. खरी भाषा उत्तरांत असते.

एवढ्याशा पोरीला एवढी समज. कुणावर गेली, हे सांगायला नको.

बाईंनी आमच्या बाकाकडे पाहिलं. बोलल्या नाहीत. त्या शाळेत नव्या आहेत आणि मी जुना.

२३ जुलै

संकल्प: रोज पहाटे साडेपाचला उठून उत्तरांचं पाठांतर.

२४ जुलै, सकाळी ७.१०

उठलो.

२ ऑगस्ट

वर्गातल्या मुली आमच्या मुलीला चौकी म्हणतात. आज कानावर आलं. उगम माझ्या लक्षात आहे. गेल्या वर्षी शाळेची एका मुक्कामाची सहल गेली होती, तंबूंत. मी आपण होऊन बरोबर गेलो आणि मुलींच्या तंबूबाहेर खुर्ची टाकून बसलो. आत कुणी खोकलं की टॉर्च मारून विचारायचो, कोण खोकलं. कुणी हसलं तरी विचारायचो. तेव्हापासून मुली तिला चौकी म्हणतात.

लाडाचं नाव आहे. वर्ष झालं तरी टिकून आहे, म्हणजे मुलींना तेव्हा फार सुरक्षित वाटलं असणार.

८ ऑगस्ट

खेळांचे सरही वर्गात आहेत. त्यांनाही जायचं आहे. मला त्यांची काळजी वाटते. व्याकरण नाही, उच्चार नाही, संकोच नाही. दर धड्याला नवा जोडीदार पकडतात. अ होतात, ब होतात, चुकतात, हसतात, पुन्हा विचारतात. मुलं त्यांना सुधारतात आणि ते सुधारून घेतात. शिक्षकाने इतकं खाली उतरू नये.

आज स्टाफरूममध्ये चहाच्या किटलीशी गाठून त्यांनी मला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. पुस्तकातलं नव्हतं. मी म्हटलं, सर, स्टाफरूममध्ये आपली भाषा बोलावी. ते म्हणाले, साखर किती घालू एवढंच विचारत होतो.

चहा बिनसाखरेचा प्यायलो. तब्येतीला तेच बरं.

१९ ऑगस्ट

पाच धडे झाले. माझी सगळी उत्तरं पाठ. मला दोन बहिणी आणि एक कुत्रा आहे. मला पोहायला आवडतं, मी रोज सकाळी पोहतो. मांस खात नाही, बटाटे चालतात. यातलं माझ्या बाबतीत काहीच खरं नाही, पण पुस्तकातल्या ब च्या बाबतीत आहे, आणि सध्या ब मीच आहे.

बाई म्हणाल्या, सर, पुस्तकातला ब चौदा वर्षांचा आहे, तुम्ही तुमचं खरं वय सांगा. प्रयत्न केला. वय बदललं की पुढच्या बहिणी आठवेनात. कुत्रा तर गेलाच. चौदाच ठेवलं.

मुलगी म्हणाली, चौदाच छान वाटतं तुला.

२८ ऑगस्ट

लेखी टेस्ट. पुस्तकातला संवाद क्रमाने छापलेला, उत्तरांच्या जागा मोकळ्या. मी घंटेच्या आधी पेपर दिला. वर्गात दुसरा नंबर. पहिला आमच्या मुलीचा. खेळांचे सर सातवे. त्यांनी मला मिठी मारून अभिनंदन केलं. पराभव पचवायची त्यांची पद्धत असावी.

हेडबाई म्हणाल्या, वा, सर, तुम्ही तर जवळजवळ सगळ्यांना मागे टाकलंत. आता तोंडी परीक्षा बाकी. ती जर्मनीच्या शाळेतल्या शिक्षिका स्वतः येऊन घेणार आहेत. बरोबर कोण येणार हे त्याच ठरवणार.

मी लगेच स्वेटरच्या दुकानात जाऊन आलो. तिकडे ऑक्टोबरात सरासरी तापमान दहा अंशांच्या आसपास. मुलगी झोपेत पांघरूण झटकते. ते कोण घालणार, हा प्रश्न भाषिक नाही, पण आहे.

५ सप्टेंबर

मुलीचं कौतुक करावं तितकं थोडं. रोज संध्याकाळी माझी प्रॅक्टिस घेते. ती विचारते, मी उत्तर देतो. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत, न अडखळता. आज मी म्हटलं, मधूनच एखादा विचारून बघ. ती म्हणाली, नको, क्रम मोडला की ॲक्सेंट बिघडतो.

ही भाजी चिरत होती. म्हणाली, आणि त्या बाईंनी क्रम मोडला तर? मुलीने आईकडे पाहिलं. आईने भाजीकडे पाहिलं. मग दोघी आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज येत होता. माझ्या यशाने घरात किती दिवसांनी असं हसू आलं आहे.

९ सप्टेंबर

खेळांचे सर म्हणाले, या, आपण दोघं जरा गप्पा मारू जर्मनमध्ये, पुस्तक बंद करून. मी तयार होतो. एवढ्यात मुलीने येऊन सांगितलं की आईने मला ताबडतोब घरी बोलावलंय. धावत घरी गेलो. हिने बोलावलं नव्हतं. म्हणाली, आलाच आहात तर नळ बघा, गळतोय.

नळ अजून गळतोय. वॉशर जुना.

१५ सप्टेंबर

पाहुण्या बाई आल्या. उंच, पिकलेले केस, पाठीवर पिशवी. व्हरांड्यात पहिली गाठ माझीच पडली. त्यांनी काहीतरी विचारलं. त्यात कुठे हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. पुस्तकात कुठे एकदाच येतो. मी खणखणीत आवाजात उत्तर दिलं: सरळ जा, मग डावीकडे, बँकेच्या शेजारी.

त्यांनी आभार मानले आणि गेल्या.

तास बुडवून सगळी शाळा त्यांना शोधत होती. शेवटी फाटकाबाहेर, सरळ जाऊन डावीकडे, बँकेच्या दारात खेळांच्या सरांना त्या सापडल्या. त्यांना हात धुवायची जागा हवी होती म्हणे. हेडबाईंनी मला विचारलं, सर, तुम्ही त्यांना बाहेर कसं काय पाठवलंत. मी म्हटलं, रस्ता चुकला का? नाही ना? त्या बँकेपाशीच पोचल्या.

भूगोलाच्या शिक्षकाने सांगितलेला रस्ता आहे.

१७ सप्टेंबर

मुलाखत. अपेक्षेपेक्षा सोपी गेली.

पाहुण्या बाई, जर्मनच्या बाई आणि मी. टेबलावर पाण्याचा तांब्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो थेट पुस्तकातला. मी म्हटलं, मी ठीक आहे, धन्यवाद, आणि आपण? त्या खूश झाल्या. मग त्यांनी दुसरा विचारला. म्हटलं, चौदा वर्षं. तिसरा बराच लांब होता. दोन बहिणी आणि एक कुत्रा. चौथ्याला, पोहायला आवडतं, रोज सकाळी. पाचव्याला त्यांचा चेहरा मवाळ झाला, आवाज खाली आला. मी पण आवाज खाली आणला: सरळ, मग डावीकडे, बँकेच्या शेजारी. सहावा: नाही, मी मांस खात नाही, बटाटे चालतील. सातवा: शनिवारी वेळ नाही, रविवारी नक्की. आठवा: नाही, धन्यवाद, माझं पोट भरलं. त्यांनी उठून हात पुढे केला, मी शेवटचं वाक्य म्हटलं: मजा आली, पुन्हा भेटू.

एकदाही अडखळलो नाही. जर्मनच्या बाईंनी मध्ये तोंडावर रुमाल धरला होता. सर्दी असावी. पाहुण्या बाई मात्र डोळे विस्फारून ऐकत होत्या.

त्यानंतर खेळांचे सर आत गेले. बाहेर ऐकू येत होतं. चुकत होते, थांबत होते, हातवारे करत होते, एकदा तर खुर्ची पडली. मला कणव आली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सरांनी येताना गाठलं आणि त्यांना काय काय विचारलं ते सांगितलं. कसे आहात, हा पहिला. किती वर्षं शिकवताय, हा दुसरा. परक्या शहरात मूल हरवलं तर काय कराल. एखाद्याला ताप भरला तर. घरच्या आठवणीने कुणी रडायला लागलं तर त्याला काय सांगाल. दोघांची मारामारी झाली तर. काही झालं तर आईवडिलांना तुमचा फोन कधी लागेल. शेवटी, तुम्हाला काही विचारायचं आहे का. म्हणाले, आपल्या दोघांना सारखेच प्रश्न होते असं बाई म्हणत होत्या.

मला तसं वाटत नाही. माझे सोपे होते.

घरी हे सगळं सांगितलं. ही म्हणाली, थांबा, थांबा. मूल हरवलं तर? मुलगी म्हणाली, दोन बहिणी आणि एक कुत्रा. ही म्हणाली, ताप भरला तर? मुलगी म्हणाली, रोज सकाळी पोहतो. रडणाऱ्या मुलाला? सरळ, मग डावीकडे. आणि मारामारी? बटाटे. ही ओट्याला धरून खाली बसली. मुलगी डोळे पुसत होती.

मी म्हटलं, हसायला काय झालं, ते त्यांचे प्रश्न आहेत, माझे नाहीत. त्यावर मुलीचं हसू थांबलं. लवकर झोपायला गेली. थकली असेल. माझी तयारी करून घेणं सोपं नव्हतं.

१८ सप्टेंबर

पाहुण्या बाईंनी निरोप पाठवला. त्याही रोज सकाळी पोहतात. माझी आवड कळल्याने त्यांना आनंद झाला. उद्या शाळेच्या तलावावर बरोबर पोहू या का?

मला पोहता येत नाही. ही किरकोळ अडचण आहे. पाण्याबद्दल मी पुष्कळ शिकवलं आहे.

१९ सप्टेंबर

खेळांच्या सरांची जुनी चड्डी घालून तलावाच्या उथळ कडेला उभा राहिलो. तिथे पहिलीतली मुलं हवेच्या फुग्यांना धरून पाय मारत होती. मला पाहून त्यांनी जागा दिली. पाहुण्या बाई पलीकडून सरळ रेषेत येत होत्या, जात होत्या. एकदा थांबून काही म्हणाल्या. मी म्हटलं, ठीक आहे, धन्यवाद, आणि आपण? म्हणताना तोंडात पाणी गेलं आणि पायाखालची फरशी कुठेतरी गेली.

सरांनी लांब बांबूला आकडा लावून मला बाहेर काढलं. पहिलीतली मुलं मोजत होती, सर किती वेळ आत आहेत ते.

तलाव फार खोल बांधला आहे. हेडबाईंना लेखी कळवणार.

२१ सप्टेंबर

निवड खेळांच्या सरांची झाली.

हेडबाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. पाहुण्या बाई म्हणाल्या म्हणे, या सरांची चुकीची उत्तरं मला समजली आणि त्या सरांची बरोबर उत्तरं समजली नाहीत. मला हे कौतुक वाटलं. हेडबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

विचार करता कारण स्पष्ट आहे. हा बिगिनर लोकांचा कार्यक्रम. माझी पातळी पाहता मला पाठवणं त्यांना प्रशस्त वाटलं नसावं.

संध्याकाळी मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, बाबा, तुझी उत्तरं सगळी बरोबर होती. मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे. ती म्हणाली, सॉरी. मी म्हटलं, तू काय केलंस, उलट तुझ्यामुळेच तर इथवर आलो. तेव्हा ती उठली आणि गळका नळ बघायला गेली.

दुरुस्त केला. कुठे शिकली कळलं नाही.

२८ सप्टेंबर

संकल्प: जाण्याआधी खेळांच्या सरांना सर्व सूचना देणे. मुलीला कोणतं पांघरूण लागतं. तिला गर्दीत कुठल्या हाताला धरायचं. खोकली तर पाणी कसं द्यायचं. सरांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, सर, ती गर्दीत कुणाचा हात धरत नाही. मी म्हटलं, धरते. ते म्हणाले, तुमचा धरते, तुम्ही हरवाल म्हणून.

खेळांच्या माणसाला बालमानसशास्त्र कुठून येणार.

४ ऑक्टोबर

बॅग भरली. मी भरली, तिने रिकामी केली, मी पुन्हा भरली, हिने आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं. तीन स्वेटर घातले होते, एक उरला आहे. टॉर्चही काढून ठेवलेला दिसला. तो माझाच, सहलीतला. ही म्हणाली, अहो, पोरीला तिथे चौकी उघडायची नाहीये.

म्हणजे हिलाही ते नाव माहीत होतं. मला कुणी बोललं नव्हतं.

दुपारी मुलीला सहज विचारलं, तुला ते नाव आवडतं का. ती म्हणाली, कुठलं. मी म्हटलं, जाऊ दे.

६ ऑक्टोबर

सकाळीच शाळेच्या फाटकापाशी बस लागली. पालक खाली, मुलं वर. खेळांचे सर हजेरी घेत होते, तीही जर्मनमध्ये, मुलं उत्तरं देत होती आणि मध्येच त्यांना सुधारत होती. मी चौथा स्वेटर घेऊन खिडकीखाली उभा होतो. मुलीने तो घेतला. वाद घातला नाही. अंगातच घातला, उन्हात.

मग खिडकीतून वाकून तिने जर्मनमध्ये पहिला प्रश्न विचारला. मी म्हटलं, ठीक आहे, धन्यवाद, आणि आपण? तिने दुसरा विचारला. चौदा वर्षं. बसमधली मुलं गप्प झाली. बहिणी, कुत्रा. पोहायला आवडतं. पहिलीतली दोन मुलं फाटकाशी उभी होती, ती मोठ्याने हसली. सरळ, मग डावीकडे. बस सुरू झाली. बटाटे. मी बसबरोबर चालायला लागलो. शनिवारी वेळ नाही, रविवारी नक्की. आता बसमधली सगळी मुलं माझ्याबरोबर उत्तरं म्हणत होती. माझ्या मागून कुणीतरी माझा शर्ट धरून ठेवला होता. हिने.

मुलीने आणखी एक प्रश्न विचारला. हा वेगळा ऐकू आला, पण क्रमाने माझं उत्तर आलंच होतं. मी ओरडून म्हटलं, नाही, धन्यवाद, माझं पोट भरलं.

बस सरळ गेली, मग डावीकडे.

पुन्हा भेटू हे वाक्य राहूनच गेलं. ते बस वळल्यावर म्हटलं.

जर्मनच्या बाई शेजारी उभ्या होत्या. मी विचारलं, शेवटी काय म्हणाली ती, पुस्तकातलं वाटलं नाही. बाई म्हणाल्या, पुस्तकातलं नव्हतं. तिने विचारलं, बाबा, तू रडणार नाहीस ना.

म्हणजे नाही, एवढं तरी उत्तर बरोबर आलं.

डोळ्यांत धूळ गेली होती. बस जुन्या आहेत, धूळ उडवतात.

७ ऑक्टोबर

सकाळी तासाला गेलो. जाणारी मुलं गेली होती, निम्मे बाक रिकामे होते. उशी भिंतीकडे ठेवली आणि मी बाहेरच्या टोकाला बसलो. बाईंनी पुस्तक पहिल्या पानावर उघडायला सांगितलं आणि माझ्याकडून पहिला प्रश्न म्हणून घेतला. दुसरा म्हणेपर्यंत घंटा झाली.